एका माजी सैनिकाचा अर्ज

ऑक्टोबर आला की कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ सुरू होते आणि सात तारखेला रोझरी मातेचा सण येतो. हा सण नेमका सातलाच का, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. त्यामागे एक लढाई आहे. ७ ऑक्टोबर १५७१ या दिवशी ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांतो इथे स्पेन, व्हेनिस आणि पोप यांच्या एकत्र आरमाराने तुर्की सुलतानाच्या आरमाराचा पराभव केला. त्या विजयाबद्दल आभार मानण्यासाठी पोप पायस पाचवे यांनी हा सण सुरू केला. सण आजही आहे. पण त्या दिवशी लढलेल्या हजारो शिपायांचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यातल्या एकाचं काय झालं ते मात्र आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण तो पुढे लेखक झाला. त्याचं नाव मिगेल दे सर्व्हान्तेस. 'डॉन किहोते' ही कादंबरी त्याची. आपण इंग्रजीतून वाचणारे लोक तिला 'डॉन क्विक्झोट' म्हणतो.

साहित्याच्या वर्गात सर्व्हान्तेस म्हणजे आधुनिक कादंबरीचा जनक, एवढं एका वाक्यात सांगून आपण पुढे जातो. मला त्याची दुसरी ओळख सांगायची आहे. सर्व्हान्तेस हा माजी सैनिक होता. त्याने १५७५ साली फौज सोडली आणि 'डॉन किहोते' आली १६०५ साली. मधली तीस वर्षं हा माणूस काय करत होता? पाच वर्षं कैदेत होता आणि उरलेली पंचवीस, खरं सांगायचं तर, नोकरी शोधत होता.

आपल्या बेळगावात माजी सैनिक काही लांबचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच आहे. खानापूर असो की चंदगड, गल्लीत एक तरी फौजी सापडतोच. पस्तिशी-चाळिशीत तो घरी येतो. पहिले चार दिवस सत्कार, हार, पेढे. मग दुसरं आयुष्य सुरू होतं, कुणाचं शेतात, कुणाचं बँकेच्या दारात, कुणाचं शाळेच्या गेटवर. प्रत्येकाच्या कपाटात एक प्लास्टिकची फाईल असते, तिच्यात सगळी सर्टिफिकिटं नीट लावलेली. ही फाईल लक्षात ठेवा. सर्व्हान्तेसची गोष्ट अशाच एका फायलीची आहे.

त्याचा जन्म १५४७ सालचा, माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस या विद्यापीठाच्या गावचा. ९ ऑक्टोबरला त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील रोद्रिगो हे त्या काळचे न्हावी-वैद्य. म्हणजे जखम शिवायची, हाड बसवायचं, रक्त काढायचं. विद्यापीठात शिकलेल्या डॉक्टरचा मान त्यांना नव्हता, आणि पैसाही नव्हता. मिगेल लहान असतानाच कर्जापायी वडील तुरुंगात जाऊन आले. पोटापाण्यासाठी हे कुटुंब या गावातून त्या गावात फिरत राहिलं. मुलगा वाचनवेडा होता. १५६९ मध्ये माद्रिदला राणी इसाबेलच्या स्मरणार्थ एक ग्रंथ निघाला, त्यात त्याच्या चार कविता छापून आल्या. तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा.

त्याच वर्षी तो एकदम इटलीत दिसतो. मिगेल दे सर्व्हान्तेस नावाच्या एका तरुणाने माद्रिदमध्ये कोणाला तरी जखमी केलं, म्हणून उजवा हात तोडण्याची आणि दहा वर्षं हद्दपारीची शिक्षा फर्मावणारा एक हुकूम सापडला आहे. तो हाच मिगेल असावा असं बरेच अभ्यासक मानतात. रोममध्ये त्याने काही काळ जुलिओ अक्वाव्हिवा यांच्या घरी नोकरी केली. हे पुढे कार्डिनल झाले. गोव्याच्या वाचकांना हे आडनाव ओळखीचं वाटेल. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला मारले गेलेले आणि त्याआधी अकबराच्या दरबारात जाऊन आलेले येशूसंघी फादर रुडॉल्फ अक्वाव्हिवा याच घराण्यातले.

मोठ्या घरातली चाकरी त्याला फार दिवस मानवली नाही. तो स्पॅनिश पायदळात भरती झाला आणि पाठोपाठ धाकटा भाऊ रोद्रिगोही आला. लेपांतोच्या दिवशी मिगेल 'मार्केसा' नावाच्या वल्ह्यांच्या जहाजावर होता आणि तापाने फणफणला होता. खाली पडून राहा, असं वरिष्ठ आणि सोबती दोघांनी सांगितलं. त्याने ऐकलं नाही. बारा शिपाई देऊन त्याला जहाजाच्या बाजूच्या छोट्या होडीजवळ उभं केलं. ती जागा धोक्याची होती. तोड्याच्या बंदुकीच्या दोन गोळ्या छातीत लागल्या आणि तिसरीने डावा हात निकामी केला. हात तुटला नाही, पण पुढे कधी कामाचाही राहिला नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या लढाईत दोन्ही बाजूंची जहाजं वल्हवणारे बरेच लोक साखळदंडातले होते. तुर्कांच्या जहाजांवर ख्रिस्ती गुलाम होते आणि ख्रिस्ती जहाजांवर मुसलमान गुलाम होते. आपण सण साजरा करतो तेव्हा ही माणसं आपल्या डोळ्यांपुढे नसतात. सर्व्हान्तेसच्या डोळ्यांपुढून मात्र ती कधी हलली नाहीत, कारण चारच वर्षांत त्याची स्वतःची पाळी यायची होती.

मेस्सिना इथल्या इस्पितळात काही महिने काढून तो पुन्हा फौजेत हजर झाला. पगारात महिन्याला तीन एस्कुदोंची वाढ मिळाली. नाव्हारिनो झालं, ट्युनिस झालं. १५७५ मध्ये त्याने घरी जायचं ठरवलं. स्पेनमध्ये जाऊन कॅप्टनची जागा मागायची, असा त्याचा विचार असावा. त्यासाठी त्याने दोन शिफारसपत्रं मिळवली. एक होतं खुद्द सरसेनापती डॉन हुआन यांचं. हे राजा फिलिप दुसरा याचे सावत्र भाऊ आणि लेपांतोचे विजेते. दुसरं होतं ड्यूक ऑफ सेस्सा यांचं. एका साध्या शिपायासाठी यापेक्षा मोठी सर्टिफिकिटं असू शकत नव्हती. दोघं भाऊ नेपल्सहून 'सोल' नावाच्या जहाजाने निघाले.

२६ सप्टेंबर १५७५ रोजी, स्पेनचा किनारा जवळ आलेला असताना, अल्जिअर्सच्या चाच्यांनी जहाज पकडलं. कैद्यांची झडती झाली आणि मिगेलच्या अंगावर ती दोन पत्रं सापडली. एवढ्या मोठ्या माणसांची पत्रं ज्याच्याकडे आहेत, तो नक्कीच कुणी बडा असामी, असा चाच्यांनी हिशेब केला. त्याच्या सुटकेची किंमत लावली गेली ५०० सोन्याचे एस्कुदो. गरीब न्हावी-वैद्याच्या घरचे लोक एवढी रक्कम कुठून आणणार? नोकरीसाठी घेतलेल्या कागदांनीच त्याला पाच वर्षं अडकवलं.

अल्जिअर्समधली ती पाच वर्षं म्हणजे स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. त्याने चार वेळा पळून जायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी वाटाड्या मध्येच सोडून गेला. दुसऱ्या वेळी एका बागेतल्या गुहेत त्याने बरेच कैदी लपवून ठेवले, त्यांना अन्न पुरवलं, पण कुणीतरी चुगली केली. तिसऱ्या वेळी ओरानच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे पाठवलेली पत्रं पकडली गेली. पत्रं नेणाऱ्याचा जीव गेला आणि मिगेलला दोन हजार फटक्यांची शिक्षा झाली. ती अमलात आणली असती तर तो जगला नसता. चौथ्या वेळी साठेक माणसांना घेऊन जाणारं जहाज ठरलं होतं, तेव्हा बरोबरच्या एका स्पॅनिश कैद्यानेच फितुरी केली. प्रत्येक वेळी त्याने सगळा दोष स्वतःवर घेतला आणि दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

इकडे घरचे पैसे गोळा करत होते. आई लेओनोर हिने सरकारी मदत मिळावी म्हणून आपण विधवा आहोत असं कागदावर लिहून दिलं. नवरा घरात जिवंत होता! त्या खोटेपणातून तिला ६० दुकाद मिळाले. जमा झालेल्या पैशांत एकाचीच सुटका होण्यासारखी होती, आणि धाकट्या रोद्रिगोची किंमत कमी होती. त्यामुळे १५७७ मध्ये रोद्रिगो सुटला. मिगेल मागे राहिला. १५७९ मध्ये आईने २५० आणि बहीण आंद्रेआने ५० दुकाद त्रिनितेरियन संघाच्या धर्मबंधूंकडे दिले. कैद्यांची सोडवणूक करणं हेच या संघाचं काम. फादर हुआन हिल हे पैसे घेऊन अल्जिअर्सला पोहोचले, पण रक्कम कमी पडत होती. अल्जिअर्सच्या पाशाची मुदत संपली होती आणि तो आपले गुलाम घेऊन कॉन्स्टँटिनोपलला निघाला होता. मिगेल त्याच्या जहाजावर बेड्या घालून चढलेला होता. फादरांनी संघाच्या निधीतून आणि व्यापाऱ्यांकडून उरलेले पैसे उभे केले. १९ सप्टेंबर १५८० ला तो जहाजावरून उतरला. ते जहाज सुटलं असतं तर आज आपण त्याच्याबद्दल बोलत नसतो.

सुटल्यावर लगेच घरी पळायचं सोडून त्याने एक काम केलं. फादर हुआन हिल यांच्यासमोर बारा साक्षीदार उभे करून, आपण कैदेत कसे वागलो याची जबानी लिहून घेतली. पंचवीस प्रश्न, त्यांची उत्तरं, सह्या. पुढे स्पेनमध्ये कुणी विचारलं तर हातात कागद हवा, हे तो अनुभवाने शिकला होता. इथून त्याची फाईल सुरू होते.

१५८० च्या अखेरीस तो माद्रिदला पोहोचला. वय तेहतीस, एक हात निकामी, घर कर्जात बुडालेलं. लेपांतोला नऊ वर्षं झाली होती. डॉन हुआन वारले होते, त्यामुळे त्यांचं शिफारसपत्र असतं तरी कामाचं राहिलं नसतं. देशाचं लक्ष आता पोर्तुगालकडे होतं. फिलिप राजाने पोर्तुगालचं सिंहासन मिळवलं होतं आणि त्याबरोबर आपला गोवाही त्याच्या छत्राखाली आला होता, तो पुढे १६४० पर्यंत. सर्व्हान्तेस राजाच्या मागे पोर्तुगालला गेला. तिथे त्याला एकच काम मिळालं, ओरानला एक सरकारी निरोप पोहोचवून यायचं. ते तो महिन्याभरात करून आला. १०० एस्कुदो मिळाले. पुढे काहीच नाही. १५८२ मध्ये अमेरिकेतल्या एखाद्या जागेसाठी त्याने खटपट केली, तर जागा रिकामी नाही असं कळलं.

पोर्तुगालमध्ये त्याच्याआधी आणखी एका शिपाई-कवीचं असंच झालं होतं. कामोइंश मोरोक्कोत लढताना एक डोळा गमावून १५५३ मध्ये गोव्यात आला, पूर्वेकडे बरीच वर्षं भटकला आणि परत जाऊन त्याने पोर्तुगालचं महाकाव्य छापलं. राजाकडून त्याला वर्षाला १५,००० रेईस अशी छोटी पेन्शन मिळाली. १५८० च्या जूनमध्ये तो गरिबीतच वारला. एकाच वर्षी एक कवी-शिपाई लिस्बनला गेला आणि दुसरा कैदेतून सुटला.

मग सर्व्हान्तेसने लेखणीवर पोट भरायचा प्रयत्न केला. १५८४ च्या डिसेंबरमध्ये एस्किव्हियास गावच्या कातालिना दे सालासार हिच्याशी त्याचं लग्न झालं. ती एकोणीस वर्षांची, हा सदतीसचा. त्याच वर्षी दुसऱ्या एका बाईपासून त्याला इसाबेल नावाची मुलगीही झाली होती. त्याचं आयुष्य काही संताचं नव्हतं, आणि त्याला तसं दाखवायची मला गरज वाटत नाही. १५८५ मध्ये 'ला गालातेआ' ही गुराख्यांच्या प्रेमाची कादंबरी आली. नाटकंही लिहिली, वीस-तीस तरी. पण रंगभूमीवर लवकरच लोपे दे व्हेगा नावाचं वादळ आलं आणि त्यापुढे बाकीचे सगळे पाचोळ्यासारखे उडाले.

१५८७ मध्ये एकदाची सरकारी नोकरी लागली. इंग्लंडवर स्वारी करायला राजा प्रचंड आरमार उभारत होता. त्याला लागणारा गहू आणि ऑलिव्हचं तेल आंदालुसियातल्या गावांतून गोळा करायचं काम सर्व्हान्तेसला मिळालं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना लेव्ही हा शब्द आठवत असेल. काम तसलंच. सरकारचा माणूस येतो, कोठार उघडतो, धान्य मोजतो, पावती देतो आणि पैसे नंतर मिळतील म्हणतो. ते नंतर कधी येतच नाही. साहजिकच सगळी गावं त्याच्यावर चिडलेली. त्याचा स्वतःचा रोजचा भत्ता १२ रिआल, आणि तोही महिनोन्‌महिने थकलेला. एसिखा गावात त्याने ख्रिस्तमंदिराच्या मालकीचा गहू जप्त केला, तर चर्चने त्याला बहिष्कृत केलं. लेपांतोला पोपच्या आरमारातून लढलेला माणूस सरकारी हुकूम पाळल्यामुळे चर्चबाहेर काढला गेला. १५८८ मध्ये ते आरमारही बुडालं. १५९२ मध्ये गव्हाच्याच एका व्यवहारावरून त्याला कास्त्रो देल रिओच्या तुरुंगात थोडे दिवस राहावं लागलं.

याच काळात, मे १५९० मध्ये, त्याने तो अर्ज लिहिला, ज्याच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. अर्ज राजाच्या नावाने, अमेरिकेतल्या वसाहती सांभाळणाऱ्या मंडळाकडे. त्यात त्याने आपली बावीस वर्षांची सेवा सांगितली. लेपांतो, निकामी हात, अल्जिअर्स, ओरान, आंदालुसियातली वसुली, शिवाय भाऊ रोद्रिगोची सेवा, जो अजून फौजेत होता. सोबत बारा साक्षीदारांची ती जबानी जोडली. आणि सांगितलं की अमेरिकेत चार जागा रिकाम्या आहेत, त्यातली कुठलीही चालेल. न्यू ग्रॅनाडाचा हिशेबनीस, ग्वातेमालातल्या सोकोनुस्को प्रांताचा गव्हर्नर, कार्ताखेनाच्या जहाजांचा हिशेबनीस, नाहीतर ला पाझ शहराचा कारभारी. पाहा, कुठलीही चालेल म्हणताना माणूस किती थकलेला असतो.

जूनमध्ये अर्जावर शेरा पडला. त्याचा अर्थ एवढाच, की याने इथेच कुठेतरी काहीतरी शोधावं, म्हणजे त्याचा विचार करता येईल. कारण काहीच दिलेलं नाही. हे कागद सेव्हिलच्या दफ्तरखान्यात आजही जपून ठेवलेले आहेत. ज्या सरकारने त्याला ठेवून घेतलं नाही, त्याने त्याचा अर्ज मात्र चारशे वर्षं ठेवला आहे.

१५९४ मध्ये ग्रानादा भागातल्या थकलेल्या करांची वसुली त्याच्याकडे आली. सुमारे २५ लाख मारावेदी. मारावेदी हे अगदी छोटं नाणं, पण रक्कम मोठीच. रस्त्यात दरोड्याची भीती, म्हणून त्याने गोळा केलेला पैसा सेव्हिलमधल्या एका पेढीत ठेवला आणि हुंडीसारखा कागद घेऊन माद्रिदला गेला. पेढीवाला बुडाला आणि पसार झाला. सरकारने पेढीवाल्याच्या मालमत्तेतून ते पैसे पुढे वसूल केले, तरी हिशेबातला फरक राहिलाच. १५९७ मध्ये सर्व्हान्तेसला जामीन द्यायला सांगितलं गेलं. सेव्हिलच्या न्यायाधीशाने फक्त उरलेल्या फरकाऐवजी पूर्ण रकमेचा जामीन मागितला. तेवढा देणारा कोण मिळणार? पुन्हा तुरुंग. या वेळी सेव्हिलचा मोठा तुरुंग, चोर, खुनी, जुगारी यांनी खच्चून भरलेला. तिथे त्याने काही महिने काढले.

'डॉन किहोते'च्या प्रस्तावनेत त्याने सुचवलं आहे की या पुस्तकाची कल्पना तुरुंगात जन्मली. बहुतेक तो हाच तुरुंग असावा. धाकटा रोद्रिगो शेवटपर्यंत फौजेत राहिला आणि १६०० मध्ये फ्लँडर्सच्या लढाईत मारला गेला. घरातला शेवटचा शिपाईही गेला.

१६०५ च्या सुरुवातीला माद्रिदमध्ये हुआन दे ला कुएस्ता यांच्या छापखान्यातून 'डॉन किहोते' बाहेर पडली. लेखकाचं वय सत्तावन्न. पुस्तक झटपट खपलं. लिस्बनमध्ये त्याच वर्षी चोरून आवृत्त्या निघाल्या. लोक रस्त्यात म्हाताऱ्या सरदाराच्या आणि त्याच्या जाड्या नोकराच्या नकला करू लागले. नाव झालं, पैसा मात्र फारसा आला नाही.

आपण ही कादंबरी पवनचक्क्यांशी लढणाऱ्या वेड्याची गोष्ट म्हणून वाचतो. तिच्यामागची तीस वर्षं समजल्यावर मला ती वेगळी दिसायला लागली. गहू आणि तेल गोळा करत फिरलेल्या माणसाला प्रत्येक धर्मशाळा, प्रत्येक खेचरवाला, गिरणीवाला, न्हावी, गावचा पाद्री आणि कैद्यांची रांग ठाऊक होती. सान्चो पान्साची म्हणींनी भरलेली बोली कुठल्या ग्रंथात मिळण्यासारखी नव्हती. ती कोठाराच्या दारात, भांडताना ऐकलेली. पहिल्या भागात अल्जिअर्सहून सुटून आलेल्या एका कैद्याची लांबलचक गोष्ट आहे. तिथेच किहोते एक मोठं भाषण देतो. शस्त्र मोठं की विद्या, असा विषय. त्यात तो म्हणतो की कायदा शिकलेल्याला सरकारी जागा मिळते, पण शिपायांना बक्षीस द्यायचं तर माणसं फार, म्हणून त्यांना काहीच मिळत नाही. ऐकणारे थक्क होतात, कारण वेडा माणूस अगदी शहाण्यासारखं बोलतोय.

आणखी एक गोष्ट. या कादंबरीचा खरा लेखक सिदे आमेते बेनेन्गेली नावाचा अरब इतिहासकार आहे आणि आपण फक्त ती दुसऱ्याकडून भाषांतर करून घेतली, अशी गंमत सर्व्हान्तेसने रचली आहे. पाच वर्षं अल्जिअर्समध्ये बेड्यांत राहिलेल्या माणसाने आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या पुस्तकाचं श्रेय एका अरबाला द्यावं, हे मला फार मोठं वाटतं. त्याच्या मनात कडवटपणा असता तर हे सुचलं नसतं.

१६१४ मध्ये आव्हेयानेदा असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी 'किहोते'चा खोटा दुसरा भाग छापला आणि प्रस्तावनेत सर्व्हान्तेसच्या म्हातारपणाची आणि लुळ्या हाताची टिंगल केली. त्याने पुढच्या वर्षी खरा दुसरा भाग काढला आणि शांतपणे उत्तर दिलं. हा हात काही दारूच्या गुत्त्यात गेला नाही, लेपांतोला गेला, आणि आज पुन्हा निवड करायला मिळाली तरी मी तिथेच असेन, असा त्याचा आशय. त्याच भागात किहोतेला रस्त्यात एक पोरगा भेटतो, गरिबीपायी फौजेत चाललेला. किहोते त्याला धीर देतो आणि सांगतो की आता म्हाताऱ्या, जायबंदी शिपायांची सोय करायचा विचार चालू आहे. म्हातारे झालेल्या गुलामांना स्वतंत्र केलं असं म्हणून घराबाहेर काढतात आणि भुकेच्या गुलामीत ढकलतात, तसं शिपायांचं होऊ नये. सर्व्हान्तेस तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्याची स्वतःची सोय कुणीच केलेली नव्हती.

याच दुसऱ्या भागात सान्चोला एका 'बेटा'चं गव्हर्नरपद मिळतं. ड्यूकने केलेली ती थट्टाच असते. पण अडाणी सान्चो न्यायनिवाडे असे करतो की चेष्टा करणारेच गप्प होतात. काही दिवसांनी तो राजीनामा देतो आणि रिकाम्या हातांनी आलो तसाच जातोय, असं सांगून आपल्या गाढवाकडे परततो. हे वाचताना मला नेहमी सोकोनुस्को आठवतं. गव्हर्नरची जागा ज्याला मिळाली नाही, त्याने ती आपल्या सान्चोला दिली आणि चांगला गव्हर्नर कसा असतो तेही दाखवून दिलं.

दुसऱ्या भागाला छापण्याची परवानगी देताना तपासनीस पाद्र्याने एक प्रसंग नोंदवला आहे. फ्रान्सच्या वकिलाबरोबर आलेल्या काही सरदारांनी सर्व्हान्तेसची चौकशी केली. तो म्हातारा आहे, शिपाई होता, चांगल्या घरचा आहे आणि गरीब आहे, असं कळलं. एकाने विचारलं, मग स्पेन अशा माणसाला सरकारी खजिन्यातून का पोसत नाही? दुसरा म्हणाला, गरिबीमुळे तो लिहीत असेल तर तो गरीबच राहो, म्हणजे जग श्रीमंत होईल. हा दुसरा विचार आपल्यालाही मोहात पाडतो. परीक्षेत आपणही लिहून येतो की दुःखातून मोठं साहित्य जन्मतं. मला तो पटत नाही. लेपांतोहून आणि अल्जिअर्सहून परतलेले बाकीचे शेकडो शिपाईही उपाशीच होते, आणि त्यांच्या उपासातून एकही ओळ निघाली नाही. एका सर्व्हान्तेसकडे बोट दाखवून त्या सगळ्यांचा हिशेब चुकता होत नाही. त्याला ला पाझला नीट पगाराची नोकरी मिळाली असती तर कदाचित 'किहोते' झाली नसती. पण म्हणून तो शेरा बरोबर ठरत नाही.

शेवटी तो संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात दाखल झाला होता. २२ एप्रिल १६१६ रोजी माद्रिदमध्ये त्याने देह ठेवला. तीनच दिवस आधी त्याने शेवटच्या कादंबरीची अर्पणपत्रिका लिहून पूर्ण केली होती. त्याला फ्रान्सिस्कन झग्यात त्रिनितेरियन भगिनींच्या मठात पुरलं. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या संघाने त्याला जहाजावरून उतरवून घेतलं, त्याच संघाच्या घरी तो परत गेला. मठाच्या रस्त्याला आज नाव आहे लोपे दे व्हेगाचं. २०१५ मध्ये त्या मठाच्या तळघरात सापडलेल्या हाडांमध्ये त्याचीही असावीत, असं संशोधकांनी सांगितलं.

२३ एप्रिलला आपण जागतिक पुस्तक दिन पाळतो, तो शेक्सपिअरबरोबर याच्याही आठवणीत. पुढच्या २३ एप्रिलला 'किहोते'तली दोन प्रकरणं तरी वाचूया. एक कैद्याच्या गोष्टीतलं, पहिल्या भागातल्या एकोणचाळिसाव्या प्रकरणापासून ती सुरू होते. दुसरं त्या फौजेत चाललेल्या पोराचं, दुसऱ्या भागातलं चोविसावं. आणि त्याआधी एखाद्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना दारातल्या काकांपाशी दोन मिनिटं थांबून विचारूया, काका, तुम्ही कुठल्या पलटणीत होता? बहुतेक ते सांगतील. फाईलही दाखवतील.